सूट शेवटच्या दहा मिनिटांसाठी निवडा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडच्या प्रशिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. कोणी मुलीकडे कॅलिफोर्नियाला निघालेलं असतं आणि मॉन्टेरेच्या केल्पच्या जंगलात उतरायचं असतं. कोणाला आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेची ओढ लागलेली असते. पाणी फार थंड असतं म्हणे, तर किती मिलीमीटरचा सूट घेऊ? आपणही बहुतेक वेळा आकडा सांगून मोकळे होतो : पाच पुरणार नाही, सात घ्या.

हा आकडा चुकीचा असतोच असं नाही. पण ज्याला तो सांगतो त्या माणसाच्या अंगाला गारठ्याची ओळखच नसते, हे आपण विसरतो. तारकर्लीला, नेत्राणीला किंवा अंदमानात शिकलेला डायव्हर २८ अंशांच्या पाण्यात रॅशगार्ड नाहीतर तीन मिलीमीटरच्या शॉर्टीवर पाऊण तास काढतो आणि हसत वर येतो. तेव्हाही त्याच्या अंगातली उष्णता जातच असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. स्वस्थ बसलेलं उघडं शरीर आपलं तापमान टिकवू शकतं ते साधारण ३३ ते ३५ अंशांच्या पाण्यातच. आपल्याकडे होतं एवढंच की हुडहुडी भरायच्या आत डाइव्ह संपते. दहा अंशांत ती संपायच्या आत बोटं बधिर झालेली असतात.

म्हणून या अंकात मला एकच गोष्ट आग्रहानं मांडायची आहे. सूट निवडायचा तो डाइव्हच्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी, आणि दिवसात दोन डाइव्ह असतील तर दुसऱ्या डाइव्हच्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी. पहिली दहा मिनिटं कोणत्याही सूटमध्ये निभावतात. अंग गरम असतं, उत्साह असतो, समोर नवं दृश्य असतं. खरी कामं शेवटी येतात : गेज वाचणं, सेफ्टी स्टॉपला एका खोलीवर स्थिर राहणं, बडीला काही झालं तर त्याची क्लिप सोडवणं, हेलकावणाऱ्या बोटीची शिडी पकडणं. ही सगळी बोटांची आणि ताळ्यावर असलेल्या डोक्याची कामं आहेत, आणि गारठा नेमका तिथेच आधी घाला घालतो.

आता त्या मिलीमीटरकडे वळू. १९५१-५२ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी वेटसूटची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट आजही आपल्या वर्गांत नीट शिकवली जात नाही. सूटमध्ये शिरलेलं पाणी आपल्याला गरम ठेवत नाही. गरम ठेवतात ते निओप्रीनमध्ये कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे. अंग ओलं असलं तरी चालतं, बुडबुडे शाबूत हवेत. पण हे बुडबुडे दाबाखाली आकसतात. दहा मीटरवर वायूचं आकारमान निम्मं होतं, तीस मीटरवर चौथाई. दुकानात सात मिलीमीटर म्हणून घेतलेला सूट तीस मीटरवर जेमतेम तीन-साडेतीनची ऊब देतो. जिथे पाणी सर्वांत थंड, तिथेच सूट सर्वांत पातळ. शिवाय त्या सूटला बुडवायला कमरेला बांधलेलं शिसं खाली गेल्यावर जड पडतं, ते बीसीडीतल्या हवेनं सावरावं लागतं आणि थकलेल्या डायव्हरच्या हातून तिथेही चुका होतात. जुन्या सूटचे बुडबुडे तर वारंवारच्या दाबानं कायमचे चेपलेले असतात. भाड्यानं मिळणाऱ्या सूटच्या लेबलवर सात लिहिलेलं असलं तरी तो चिमटीत धरून पाहावा. गुडघ्यापाशी, पाठीपाशी तो मऊ आणि पातळ लागला तर बाजूला ठेवावा.

मापाबद्दल मी अधिकच आग्रही आहे. सैल सात मिलीमीटरपेक्षा अंगाला बेतलेला पाच मिलीमीटर बरा. सूट घालून थोडं वाकावं, हात वर करावेत. कमरेच्या मागच्या खळग्यात, काखेत किंवा मानेपाशी पोकळी राहत असेल तर प्रत्येक हालचालीसरशी तिथून थंड पाणी आत-बाहेर करणार. पण आवळून बसणारा सूटही धोक्याचा. थंड पाणी, छातीवर घट्ट सूट आणि त्यात रक्तदाबाचा त्रास, अशा जोडीत फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका वाढतो. पन्नाशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याला हे स्पष्ट सांगायलाच हवं.

मॉन्टेरेचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण बे एरियात आपली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे जाणारे बहुतेक जण एप्रिल-मे महिन्यांत जातात. आपल्या डोक्यात मे म्हणजे ऊन. तिथे मात्र वसंतापासून किनाऱ्यालगतचे वारे वरचं पाणी समुद्रात लोटतात आणि खालचं थंड, अन्नद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. केल्प फोफावतं ते त्यामुळेच. मे महिन्यात कॉन्क्रीटच्या धक्क्यावर लख्ख ऊन आणि तळाशी दहा अंशांच्या आसपासचं पाणी, असा मामला असतो. त्यामानानं सप्टेंबर-ऑक्टोबर उबदार. म्हणजे आपली सुट्टी नेमकी तिथल्या गार पाण्याच्या दिवसांत येते. हवेचं तापमान किंवा पृष्ठभागाचं तापमान विचारून उपयोग नाही. त्या आठवड्यात, त्या ठिकाणी, तळाशी किती अंश आहे हे तिथल्या स्थानिक डायव्हरला विचारायला विद्यार्थ्याला शिकवा.

बारा-तेरा अंशांपर्यंत चांगल्या मापाचा सात मिलीमीटर, जोडीला हूड, बूट आणि पाच मिलीमीटरचे ग्लोव्ह्ज, आणि दिवसाला एकच डाइव्ह, हे धडधाकट माणसाला झेपतं. सडपातळ, ठेंगण्या किंवा पाण्यात स्थिर राहून फोटो काढणाऱ्या माणसाला झेपेलच असं नाही. दहा अंशांखाली माझ्या मते चर्चेला जागा नाही. तिथे ड्रायसूट. दोन डाइव्हच्या मधला वेळही हिशेबात धरा. ओला वेटसूट अंगावर ठेवून वाऱ्यात बसलं की मडक्यातलं पाणी गार होतं त्याच रीतीनं माणूस गार होत जातो, आणि दुसरी डाइव्ह आधीच खचलेल्या अंगानं सुरू होते. वारा अडवणारा लांब कोट ही चैन नाही, तो सूटचाच भाग आहे.

शेवटच्या दहा मिनिटांबद्दलचा माझा आग्रह केवळ सोयीपुरता नाही. अमेरिकन नौदलाच्या फ्लोरिडातल्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राचा २००७ चा अभ्यास प्रत्येक प्रशिक्षकानं समजून घ्यावा. सुमारे ३७ मीटरच्या डिकम्प्रेशन डाइव्हमध्ये तळाशी गरम आणि वर येताना गार असलेल्या डायव्हरांना डिकम्प्रेशनचा आजार होण्याचं प्रमाण फार वाढलं. तळाशी गार आणि वर येताना उबदार, हा क्रम सर्वांत सुरक्षित ठरला. कारण उघड आहे : ऊब असताना रक्त हातापायांपर्यंत खेळतं, नायट्रोजन शोषला जातो. मग गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसल्या की तोच नायट्रोजन बाहेर पडायला वाट उरत नाही. आणि त्या अभ्यासातलं ‘गार’ पाणी होतं सुमारे २७ अंशांचं. म्हणजे आपल्या मालवणचं.

बॅटरीवर तापणारी जाकिटं आता सहज मिळतात. त्यांच्याकडे याच नजरेनं पाहावं. तळाशी जाकीट चालू आणि वर येताना बॅटरी संपली, तर आपण सर्वांत वाईट क्रम स्वतःच्या हातानं घडवून आणला. जाकीट बंद पडलं तरी डाइव्ह सुखरूप संपेल एवढी ऊब आतल्या कपड्यांत हवीच.

ड्रायसूटबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की तो गरम ठेवतो. निओप्रीनचा ड्रायसूट काही प्रमाणात ठेवतो, पण बहुतेक जण वापरतात तो पातळ ट्रायलॅमिनेटचा सूट फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब आतल्या कपड्यांची. अंगालगत लोकर किंवा घाम शोषून पुढे सोडणारं कृत्रिम कापड, त्यावर जाड थर. सुती बनियन अजिबात नको. घामानं भिजला की तो थंड फडक्यासारखा अंगाला चिकटून बसतो. सूट घेताना आतले जाड कपडे घालूनच मापाचा बघा आणि ते घालून हात मागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो का ते तपासा.

सूट गळतो तो बहुधा मनगटाशी नाहीतर मानेशी. आपल्याकडच्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितो : मंगळसूत्र, बांगड्या, कडं, मनगटावरचा दोरा, सगळं उतरवून ठेवायचं. लेटेक्सचं सील फाटायला एक टोक पुरतं, आणि सीलखाली आलेला दोरा पाण्याला सरळ वाट करून देतो. लांब केसांची एक बटसुद्धा मानेच्या सीलखाली राहता कामा नये. मानेचं सील पाणी येऊ नये म्हणून जास्त घट्ट ठेवलं तर मानेतल्या रोहिणीवर दाब येऊन माणूस भोवळ येऊन पडू शकतो. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर सिलिकॉनचं सील घ्या.

आणखी एक गोष्ट संकोचापायी बोलली जात नाही. थंड पाण्यात लघवीची भावना वाढते, त्यामुळे अनेक जण, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणी पिणंच टाळतात. अंगातलं पाणी कमी झालेला डायव्हर अधिक धोक्यात असतो. ड्रायसूटखाली डायपर वापरणं जगभर सर्रास चालतं. प्रशिक्षकानं हे सर्वांसमोर, सहज आवाजात सांगितलं की संकोच जातो.

मात्र ड्रायसूट विकत किंवा भाड्यानं मिळाला म्हणून तो वापरता येतो, असं नाही. २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका डोंगरी तलावात एक तरुण विद्यार्थिनी प्रशिक्षणाच्या डाइव्हमध्ये दगावली. ड्रायसूट तिला नवा होता. त्याच्या इन्फ्लेटरला जुळणारी नळीच जोडलेली नव्हती, त्यामुळे सूटमध्ये हवा भरायची सोयच नव्हती. अंगावर सुमारे २० किलो शिसं होतं आणि तेही झटकन टाकून देता येणार नाही अशा जागी. खोली वाढली तशी सूटमधली हवा आकसली, सूटनं तिला आवळलं, आणि तिला वर येता आलं नाही. सूट थंड पाण्याचाच होता, निवड कागदावर बरोबर होती. चुकलं ते त्या मुलीला तयारीविना त्यात घालून पाण्यात नेणं, आणि ती जबाबदारी शिकवणाऱ्यांची होती. हा मजकूर लिहिताना माझा हात इथे सर्वांत जड झाला, कारण आपण सगळे शिकवणारे आहोत.

ड्रायसूटमध्ये हवा कधी आणि किती भरायची, दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती कशी सोडायची, पायांकडे हवा सरकून माणूस उलटा वर निघाला तर गोळा होऊन कसं पलटायचं, इन्फ्लेटर दीर्घ न दाबता थोडा थोडा का दाबायचा, हे वाचून येत नाही. सिल्फ्रात पाणी वर्षभर दोन ते चार अंश असतं, आणि तिथे ड्रायसूटचं प्रशिक्षण किंवा अलीकडच्या ड्रायसूट डाइव्हची नोंद दाखवल्याशिवाय उतरू देत नाहीत. नियम योग्य आहे. इथल्या उकाड्यात ड्रायसूट घालून सराव करणं त्रासाचं, काठावर उष्माघाताची भीती. त्यापेक्षा विद्यार्थ्याला दोन दिवस आधी पोचायला सांगा आणि तिथेच उथळ, बंदिस्त पाण्यात सराव करूनच पुढे जा, अशी अट घाला.

येत्या सुट्टीत तुमच्याकडे ‘किती मिलीमीटर’ विचारत कोणी आलं तर आधी त्यालाच विचारा : तळाशी किती अंश, किती वेळ, दिवसाला किती डाइव्ह, आणि ड्रायसूट याआधी कधी, कुणाच्या देखरेखीखाली घातलाय. यांतल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर त्याला ती डाइव्ह या वर्षी करू नको असं सांगा.