घर आणि कायदा : बहिणीची सही

मरहूम वडिलांचा चाळिसावा झाला की पुष्कळ घरांत एक कागद निघतो. बहिणींना सासरहून बोलावले जाते, जेवण होते, आणि मग भाऊ सांगतात, "उद्या जरा तालुक्याला जायचंय, नाव चढवायचंय, तुमची सही लागेल." बहीण जाते, अंगठा देते, फोटो काढते आणि संध्याकाळच्या एसटीने परत येते. तो कागद नाव चढवण्याचा होता की नाव काढण्याचा, हे तिला कधी कधी वर्षांनंतर कळते. या महिन्यात आम्ही या कागदाविषयीच लिहीत आहोत. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात.

आधी एक फरक ध्यानात घ्या. वारस नोंद वेगळी आणि हक्कसोडपत्र वेगळे. वारस नोंदीला बहिणीने हक्क सोडावा लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देऊन तलाठ्याकडे अर्ज केला की पुरे. ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. त्या अर्जात बहिणींची आणि अम्मीची नावे यायलाच हवीत. "मुली लग्न होऊन गेल्या" हे नाव गाळण्याचे कारण नव्हे, शरीअतमध्येही नव्हे आणि महसूल कायद्यातही नव्हे. लग्नात खर्च केला, दागिने दिले, हाही हिशेब मीरासमध्ये बसत नाही.

हिस्सा किती, हे सूरह निसामध्ये ठरवून दिलेले आहे. समजा वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत आणि कर्ज, बाकी मेहेर, वसीयत हे सगळे फिटून एक एकर म्हणजे 40 गुंठे जमीन उरली. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे 5 गुंठे. उरलेल्या 35 गुंठ्यांचे पाच भाग: प्रत्येक मुलाला दोन, म्हणजे 14 गुंठे, मुलीला एक, म्हणजे 7 गुंठे. सात गुंठे म्हणजे काही थोडे नव्हे. हायवेलगतच्या गावात सात गुंठ्यांत एका मुलाचे शिक्षण होते.

आता बहिणीला खरोखरच हिस्सा सोडायचा असेल तर? तिला तो अधिकार आहे. फिकहमध्ये तखारुज नावाचा मार्गच आहे: वारसाने आपल्या हिश्श्याऐवजी दुसरे काही घेऊन राजीखुशीने बाजूला होणे. पण आपला हिस्सा किती हे ठाऊक असेल तरच राजीखुशी म्हणता येईल. सात गुंठे आपले आहेत हे जिला कुणी सांगितलेलेच नाही, तिची सही मिळाली, रजामंदी मिळाली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि वडील हयात असतानाच मुलींकडून "आम्हाला काही नको" असे लिहून घेणारे भाऊ दोन पावले पुढचे. मुस्लिम कायद्यात वडिलांच्या जिवंतपणी मुलाचा वा मुलीचा वारसाहक्क जन्मतच नाही. मग सोडायचे काय?

जमिनीचे हक्कसोडपत्र नोंदवावेच लागते. नोंदणी कायदा 1908 चा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकाकडे न्यावा लागतो. तिथे अधिकारी विचारतो, "दस्त तुम्हीच लिहून दिला का? मान्य आहे का?" बहिणींनी या प्रश्नाशी थांबावे. आदल्या दिवशी दस्ताची प्रत मागून घ्यावी, घरातल्या शिकल्यासवरल्या पोरीकडून वाचून घ्यावी. शीर्षक काय, गट नंबर कोणते, मोबदला लिहिला आहे का आणि तो खरोखर हातात आला का, एवढे पाहावे. एकदा नोंदलेला दस्त घरात भांडून रद्द होत नाही. दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि फसवणूक कळल्यापासून मुदत तीनच वर्षांची असते.

दस्त झाल्यावर गोष्ट तलाठ्याकडे येते. फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये धरली जाते आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीला पंधरा दिवस असतात, मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली तर भावाच्याच हातात पडते! म्हणून वारस नोंदीच्या अर्जावर आपला सासरचा पत्ता लिहावा. सातबाऱ्यावर भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा शेरा दिसला तर जरूर विचारावे, आपल्या कायद्यात अशा कर्त्याची कल्पनाच नाही.

काही घरांत अब्बा हयातीतच मुलांच्या नावे हिबा करतात. ऐलान, कबूल आणि कब्जा या तीन गोष्टी पूर्ण झाल्या तर तोंडी हिबाही चालतो, आणि तो नंतर कागदावर लिहिला म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितले आहे. तरीही नोंदवून घ्यावा. कोर्टात सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा साक्षीदार बहुधा कब्रस्तानात असतात. मात्र हिबा फक्त मुलांनाच आणि मुली कोरड्या, असे करणाऱ्या वडिलांनी नुमान बिन बशीर यांची हदीस कुणा आलिमकडून समजून घ्यावी. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे.

जिची सही आधीच होऊन गेली आहे, तिने आधी दस्त पाहावा. जमिनीच्या दस्तांची सूची, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात, शुल्क भरून कोणालाही पाहता येते, दस्ताची नक्कलही मिळते. दस्त क्रमांक आणि वर्ष ठाऊक नसेल तर फेरफार उतारा काढा. त्यात दोन्ही बहुधा लिहिलेले असते.