गाव सुटल्यावर लागणारा 'कर' : वाढोणा, किहीम आणि लोद

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर या तालुक्याच्या गावाचे जुने नाव वाढोणा. गावातील परमेश्वराचे देवस्थान आजही वाढोण्याचे म्हणून ओळखले जाते. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील स्थानकावर मात्र हिमायतनगर हेच नाव आहे. हैदराबादजवळचा हिमायतसागर तलाव, त्याच शहरातील हिमायतनगर ही वस्ती आणि मराठवाड्याच्या कडेचे हे गाव, या तिन्ही नावांचा संबंध सातव्या निजामाचा थोरला पुत्र हिमायत अली खान, म्हणजेच आझम जाह, याच्याशी जोडला जातो. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. गावाचे नाव निजामाने ठेवलेलेच राहिले.

आता असे समजावे की नामांतरापूर्वी या गावातून एक कुटुंब उठले, हैदराबादेस गेले आणि तेथे वाढोणकर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याचा पणतू आज परदेशात आहे आणि नकाशावर आपले मूळ गाव शोधतो आहे. त्याला यवतमाळ जिल्ह्यातील वाढोणा बाजार सापडेल. नावाच्या साधर्म्याने उदगीर तालुक्यातील वाढवणाही सापडेल. ज्या गावाने त्याला आडनाव दिले ते तेवढे सापडणार नाही, कारण त्या गावाची पाटी बदलली आहे.

ही साधी अडचण ज्यांच्या लक्षात येत नाही, अशा मंडळींनी अलीकडे आडनावांवरून वंश काढण्याचा उद्योग जोरात चालवला आहे. परदेशातील एखादे आडनाव कानाला मराठी वाटले की ते 'आपले'. त्याच्या मागे 'कर' असला की त्याचा पूर्वज करवसुली करणारा अधिकारी. दोन समाजांत एकच आडनाव आढळले की त्यांचे रक्त एक. ही तिन्ही विधाने हजारो वेळा पुढे पाठवली गेली आहेत आणि तिन्ही निराधार आहेत.

करवसुलीच्या गोष्टीचा निकाल एका शब्दात लागतो : मुंबईकर. लोकलमधून उतरणारा प्रत्येक मुंबईकर जकातदार नसतो. 'कर' हा मराठीतील जिवंत प्रत्यय आहे. तो कोणत्याही गावाला लागतो आणि 'तेथला माणूस' एवढेच सांगतो. नांदेडकर, लातूरकर, देगलूरकर, उदगीरकर ही मराठवाड्यातली नावे त्याच घडणीची.

यातली खरी मेख अशी की असे आडनाव त्या गावात तयार होत नाही. किहीम गावात सगळेच किहीमचे. तेथे कोणाला किहीमकर म्हणण्यात अर्थ नाही. माणूस रेवदंड्याला, पनवेलला, मुंबईला जातो, आणि तेथले लोक त्याला त्याच्या गावाने ओळखू लागतात. म्हणजे हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले, आणि तेही गाव सुटल्यानंतर. गावाच्या नावाचे आडनाव दूरदेशी आढळले म्हणून चकित होण्याचे कारण नाही. त्याचा जन्मच घराबाहेरचा.

जगात हे एकट्या मराठीचे वैशिष्ट्य नाही. हंगेरियन भाषेत आडनाव आधी येते आणि 'इ' हा प्रत्यय आपल्या 'कर'चे काम करतो : सेगेद गावचा तो सेगेदी, देब्रेत्सेनचा तो देब्रेत्सेनी. त्याच भाषेतली होर्वात, नेमेत, तोत ही अतिशय प्रचलित आडनावे तर क्रोएशियन, जर्मन आणि स्लाव अशा अर्थांची आहेत. हंगेरीबाहेर एखादा होर्वात भेटला की त्याला लोक हंगेरियन ठरवतात, आणि त्याचे आडनाव सांगते की हंगेरीत त्याच्या पूर्वजाला परका मानले जात होते. हिमायतनगरच्या पूर्वेला तेलंगण लागते. तेथेही घराण्याचे नाव आधी लावतात आणि अनेकदा ते गावाचेच असते. या साम्यावरून तेलुगू आणि हंगेरियन लोकांना भाऊ ठरवणारा धागा अजून कोणी लिहिलेला नाही, हे त्यातल्या त्यात नशीब.

मराठी आडनावाने परदेशी केलेल्या प्रवासाचे सर्वांत बोलके उदाहरण बेने इस्रायल समाजाचे आहे. परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. नवगावला त्यांचे जुने दफनस्थान आहे. अलिबागेत इस्रायल आळी आहे. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी बैल न जुंपणारा म्हणून कोकणाने या समाजाला 'शनिवार तेली' म्हटले. त्यांची नावेही कोकणी वळणाची झाली : सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी. आणि आडनावे गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर, राजपूरकर, चेउलकर. एखाद्या झिराड घराण्याने 'कर' गाळून नुसते गावच धारण केले; स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांचे आडनाव असे आहे.

मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये उभे राहिले. ते बांधणारा कंपनीच्या सैन्यातील देशी अधिकारी होता. इंग्रजीत त्याचे नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर; घरी आणि गावात तो सामाजी हसाजी दिवेकर. एकाच माणसाची ही दोन्ही नावे. पहिले दोन शब्द हिब्रूतून इंग्रजीत एक आणि मराठीत दुसरे झाले, पण तिसऱ्याला दोन्हीकडे हात लागला नाही, कारण तो धर्माचा नव्हताच; तो कोकणाच्या मातीचा होता.

दिवेकर हे आडनाव आजही कोकणस्थ ब्राह्मणांत आहे, इतर समाजांतही आहे. येथेच हौशी संशोधकांचा पाय घसरतो. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेत समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदा प्रेते आहेत, बेने इस्रायलांच्या कथेत फुटलेले जहाज आहे, दोघांत दिवेकर आहेत. मग दोघे एकच, असा हिशेब मांडला जातो. दिवे गावात जे राहिले आणि तेथून निघाले ते सारे दिवेकर झाले, यापलीकडे आडनावाला काही ठाऊक नाही. एकाच बसने आलेल्या प्रवाशांच्या तिकिटांवर गावाचे नाव एक असते; तिकिटे जुळली म्हणून ते चुलतभाऊ ठरत नाहीत. बेने इस्रायलांच्या जनुकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचे ठळक अंश आढळले. ते आडनावांच्या यादीतून कधीही कळले नसते.

आडनावाने आणखी एक गोष्ट झाकून ठेवली होती. या लहानशा समाजातही 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद पाळला जात होता. बाहेरच्या स्त्रीपासून झालेली संतती समजून काळ्यांशी रोटीबेटी टाळली जाई. शेजारच्या जातिव्यवस्थेचा रोग धर्म वेगळा असल्याने टळला नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत शाळा, पलटणी, रेल्वे आणि कचेऱ्या वाढल्या, तसे लवचीक असलेले हे गावनाव कागदावर पक्के होत गेले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहासही लिहिला. तो ग्रंथ छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. अलिबागजवळच्या एका नारळीपोफळीच्या गावाचे नाव असे लेखकाच्या मरणोत्तर, इस्रायल हे राज्य जन्मण्याच्या अकरा वर्षे आधी, त्या भूमीत मुखपृष्ठावर जाऊन बसले. हिंदी चित्रपटांत नुसता 'डेव्हिड' म्हणून गाजलेला, १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा, हा डेव्हिड अब्राहम चेउलकर. अरबांना सैमूर म्हणून ठाऊक असलेल्या चौल बंदराचे हे नाव. त्याचा मृत्यू १९८२ मध्ये कॅनडातील टोरांटोत झाला. पडद्यावर चेउलकर कधी उमटला नाही. डेव्हिड हे नाव पाहून प्रेक्षकांपैकी किती जणांनी त्याला ख्रिस्ती समजले असेल, याची गणती कोण ठेवणार?

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात या समाजाची लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला या गावांत मराठी बोलणारी वस्ती झाली; 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघाले. आज केहिमकर आणि पेणकर यांचा शोध घ्यायचा तर रायगड जिल्ह्याइतकाच नेगेव वाळवंटाच्या कडेला घ्यावा लागतो.

तेथे वंशाचा प्रश्न खेळ उरला नाही. १९६२ मध्ये मुख्य रब्बीनेटने विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना दिली की बेने इस्रायल वधू-वरांच्या आईकडील पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढीपर्यंत चौकशी करावी. आपले पूर्वज दोन हजार वर्षे सब्बाथ पाळत आले असे सांगणाऱ्या माणसाला लग्नासाठी आजीच्या आजीचा दाखला मागितला गेला. ज्याच्या नावामागे 'कर' त्याला आपण कोठले हे वेगळे सांगावे लागत नव्हते. कोकणात अभिमानाने मिरवलेला प्रत्यय विवाहनोंदणीच्या खिडकीपाशी संशयाचे कारण होऊ शकत होता. समाज रस्त्यावर उतरला, जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करून सांगावे लागले की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. आडनावावरून रक्त ओळखण्याची हौस निरुपद्रवी वाटते ज्यांना, त्यांनी ही दोन वर्षे वाचावीत.

त्याच देशात दुसरीकडे आडनावे वाऱ्यावर उडत होती. हॅब्सबर्ग सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८७ मध्ये ज्यूंना कायम आडनावे, तीही जर्मन, घेण्याची सक्ती केली. पुढच्या शतकात हंगेरीतल्या अनेकांनी ती टाकून हंगेरियन घेतली. इस्रायलला पोहोचल्यावर हिब्रू घेतली. विनोदी लेखक एफ्राईम किशॉन हा १९२४ मध्ये बुडापेस्टला जन्मला तेव्हा फेरेन्स हॉफमन होता. हंगेरीतच त्याने किशॉन्त हे आडनाव घेतले आणि इस्रायलच्या बंदरावरील कारकुनाने त्याचे किशॉन केले, असे तो स्वतः सांगे. एका आयुष्यात तीन आडनावे. या पार्श्वभूमीवर केहिमकरांचा केहिमकर टिकला, हे विशेष मानले पाहिजे.

आणि सगळीकडे तो टिकला असेही नाही. मॉरिशसला १८३४ नंतर जे मराठी मजूर गेले, त्यांच्यापैकी अनेकांच्या पुढच्या पिढ्यांना बापाचे किंवा आजाचे नावच आडनाव म्हणून लागले, तेही फ्रेंच-इंग्रजी कानांनी ऐकलेल्या रूपात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली स्थलांतरितांची दप्तरे उघडल्याशिवाय तेथे मूळ गाव सापडत नाही. तंजावरच्या मराठ्यांत 'राव' राहिले आणि गाव आद्याक्षरात गेले : टी. माधवराव यांतील 'टी' म्हणजे तंजावर. म्हणून केवळ 'कर' मोजून परदेशातले मराठी लोक मोजणारा नकाशा पाहिला की समजावे, त्यात मॉरिशस आणि तंजावर रिकामे दिसणार.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर आडनावाचा आधार आणखी दुबळा आहे. निजामकालीन कागदांत माणूस 'अमुक वल्द तमुक' असा लिहिला जाई. नाव आणि बापाचे नाव झाले की काम भागले. गावांची नावेही स्थिर नव्हती. अंबाजोगाईचे मोमिनाबाद झाले आणि पुन्हा अंबाजोगाई. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. औरंगाबादकर आडनावाच्या घरांना मात्र कोणी नवे आडनाव धाडले नाही. शंभर वर्षांनी त्यांच्याही वंशजांना आपले गाव नकाशावर दिसणार नाही. याच २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध चालू आहे. न्यायमूर्ती शिंदे समितीपुढे मोडी, उर्दू आणि फारसी दप्तरे आली. तेथे पुरावा म्हणून नोंद आणि वंशावळ मागितली जाते. ज्या तरुणांच्या घरात असे कागद शोधण्यासाठी तहसीलच्या चकरा झाल्या, त्यांनीच रात्री मोबाइलवर आडनावांच्या आवाजावरून वंश जुळवणाऱ्या मजकुरावर विश्वास ठेवावा, ही विसंगती खटकणारी आहे.

वाढोणकराच्या पणतूला खरोखर गाव शोधायचे असेल, तर त्याने नकाशा मिटवावा आणि प्रथम हे विचारावे की घरात कुलदैवत कोणते, जुन्या खरेदीखतावर तालुका कोणता लिहिला आहे, आणि १९५४ च्या खासरा पत्रकात आजोबांच्या बापाच्या नावापुढे कोणाचा 'वल्द' आहे. उत्तरात परमेश्वर आणि हदगाव-भोकरकडचा मुलूख निघाला, तर मग मुदखेडहून आदिलाबादच्या गाडीत बसून हिमायतनगरला उतरावे.