पदपथ कोणाचा?

गेल्या वर्षी कन्येकडे मेलबर्नला तीन महिने मुक्काम होता. नऊ वर्षांचा नातू पायाने ढकलण्याच्या स्कूटरवरून शाळेत जात असे आणि त्याच्या सोबतीला जाण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिल्याच दिवशी तो पदपथावरून निघालेला पाहून मी त्याला अडविले. "पदपथ चालणाऱ्यांसाठी असतो. चाके आहेत ना, मग रस्त्याच्या कडेने चल." तो निमूटपणे खाली उतरला. काही क्षणांतच मागून आलेल्या मोटारीने करकचून ब्रेक दाबले. सुदैवाने इजा झाली नाही. सायंकाळी सर्व ऐकून कन्या एवढेच म्हणाली, "बाबा, इथला नियम नेमका उलटा आहे."

परिपत्रके वाचण्यात उभी नोकरी गेलेल्या माणसाला ते वाक्य स्वस्थ बसू देईना. मी व्हिक्टोरिया राज्याचे नियम वाचून काढले. इंजिन वा बॅटरी नसलेल्या स्कूटरवरील व्यक्तीस तेथे पादचारीच मानतात. बारा वर्षांखालील मुलाच्या हाती ती 'चाकांचे खेळणे' ठरते. पदपथावर तिला मुभा आहे. मात्र डावी बाजू धरावी आणि चालणाऱ्यास आधी वाट द्यावी. मनाई करणारी पाटी असेल तेथे अर्थातच जाऊ नये.

रस्त्यावर मात्र बंधने कडक आहेत. ज्या रस्त्यावर मधोमध विभाजक रेषा किंवा दुभाजक आहे, जेथे वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटरहून अधिक आहे, किंवा जो एकेरी रस्ता एकाहून अधिक मार्गिकांचा आहे, तेथे ही स्कूटर नेता येत नाही. आमच्या त्या रस्त्यावर पांढरी विभाजक रेषा ठळक होती. म्हणजे नातू नियमाने चालला होता आणि नियम मोडायला लावला तो मी!

गंमत अशी, की त्याच स्कूटरला बॅटरी लागली की सारे पालटते. विजेवरील स्कूटरसाठी तेथे किमान वय 16 वर्षे आहे, वेगाची मर्यादा ताशी 20 किलोमीटर आहे आणि पदपथावर तिला बंदी आहे. रूप सारखे, पण कायदा निराळा. म्हणून खरेदीपूर्वीच ही चौकशी करावी.

आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्या यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनाची आहे. पायाने ढकलायची स्कूटर तीत बसत नाही. म्हणून परवाना नको, नोंदणीही नको. परंतु परवाना नको याचा अर्थ धोका नाही, असा नव्हे. पदपथ जेथे सलग नाही, तेथे मुलांनी सोसायटीच्या आवारात वा मैदानातच ती चालवावी, हे बरे. आवारातही मागे येणाऱ्या मोटारींपासून जपावे. चालकाला लहान मूल आरशात दिसेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाची क्षमा मागितली. त्याने हसून स्कूटर पदपथावर चढविली. पुढे एक वृद्ध बाई दिसताच तो न सांगता खाली उतरला, त्यांना वाट दिली आणि मग वळून म्हणाला, "चला आजोबा."

वयाने मोठे असणे म्हणजे नियम ठाऊक असणे नव्हे, हे मला त्या नऊ वर्षांच्या शिक्षकाने शिकविले.