थट्टेतलं 'अहो'

प्रेमाची एक विनोदी कादंबरी मला इंग्रजीतून मराठीत आणायची होती. एका प्रकाशकांना फोन केला. "तुम्ही इतकी गंभीर पुस्तकं केलीत, आता हा टाइमपास कशाला?" ते म्हणाले. आवाजात खरीखुरी काळजी होती. चाळिशी उलटल्यावर मी भलत्याच नादाला लागले, असं त्यांना वाटलं असावं.

माझं भांडण त्या 'गंभीर'शी आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ बऱ्याचदा नुसता 'दुःखी' असा असतो. फडके-खांडेकर वादात समीक्षेने 'जीवनासाठी कला' हा पक्ष घेतला, तो ठीकच. पण त्या ओघात प्रेमात पडणं हे जणू जीवनाबाहेरचं ठरलं. बरं, हा सोवळेपणा फक्त कादंबरीलाच. अत्र्यांची 'लग्नाची बेडी' (1936) आपल्याला चालते, 'मुंबई-पुणे-मुंबई' (2010) चालतो. आणि 'संशयकल्लोळ' तर अभिजातच! देवलांनी मोलिएरचं प्रहसन आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून 1893 मध्ये मराठीत आणलं आणि 1916 मध्ये ते संगीत झालं. एका तसबिरीवरून उडालेला गोंधळ आणि दोन जोड्यांचे रुसवेफुगवे, एवढाच ऐवज. पण देवलांपुढचा प्रश्न बघा: त्या काळच्या मराठी समाजात तरुण मुलगी परपुरुषाला मोकळेपणी भेटणार कशी? त्यांची रेवती कलावंतिणीच्या घरची आहे. माझ्या मते या एका निर्णयावर सगळं नाटक तोललेलं आहे. कोण कोणाला भेटू शकतं आणि काय म्हणू शकतं, हे अचूक ठाऊक असल्याशिवाय हसू भाषांतरित होत नाही. शोकांतिकेत अनुवादक थोडा घसरला तरी वाचक सांभाळून घेतो. विनोदात घसरलं की संपलं.

मी कोरमंगलाच्या पाचव्या ब्लॉकात, ज्योती निवास कॉलेजजवळच्या एका कॅफेत बसून काम करते. शेजारच्या टेबलांवर पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेली मुलं असतात. आईचा फोन आला की मराठी. समोरच्या मुलीची खोडी काढायची झाली की इंग्रजी, फार तर हिंदी, मग ती मुलगी कोल्हापूरची का असेना. त्यांना मराठी येत नाही असं नाही. पण तिच्यात औषधं, भाडं आणि 'जेवलास का' एवढंच उरलंय. अनुजा चौहानने 'द झोया फॅक्टर'मध्ये (2008) इंग्रजीला घरची हिंदी बोलायला लावलं आणि ती खळखळून हसली. मराठीत असं पुस्तक मागायला गेलं की आपण वाचकाच्या हाती आत्मचरित्र ठेवतो. वाचणाऱ्या बहुतेक बाया, म्हणून मामला किरकोळ, हेही त्यात आहेच. कोणी उघड बोलत नाही इतकंच.

आता माझ्या टेबलावरची अडचण सांगते. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं हाच पूर्वी अर्धा प्रेमप्रसंग असे. आजची पंचविशीतली मुलं पहिल्याच दिवशी 'तू' म्हणतात, तेव्हा ती शिडी गेली. मग जवळीक कशावरून कळावी? बरेच दिवस अडले होते. एका दुपारी मागच्या टेबलावर एक मुलगी मित्राला म्हणाली, "अहो, बिल देताय ना?" नवऱ्याला मारावी तशी हाक, निव्वळ थट्टेत. दोघंही हसली, आणि मग जरा जास्तच वेळ कोणी काही बोलेना.

मी घरी जाऊन सातवं प्रकरण पुन्हा लिहिलं. मूळ इंग्रजीत तिथे ती त्याला 'सर' म्हणून चिडवते. प्रकाशकांना तेवढंच प्रकरण पाठवलंय.