लेकरू नाही, म्हणून हिशेबच नाही?



राबातलं आवण वीतभर आलंय. दोन दमदार सरी झाल्या की लावणीला हात घालू. आज मात्र भाताचं बाजूला ठेवून दुसऱ्या एका वाटपाबद्दल लिहितो. विषय नाजूक आहे, पण शेतीपासून लांबचा नाही. यात सातबारा आहे, सोसायटीचं कर्ज आहे आणि खाचरात वाकून काढलेली वर्षं आहेत.

नवरा-बायकोचं पटत नाही, दोघं मोकळं व्हायचं म्हणतात, तेव्हा आपल्याकडे चार माणसं बसतात. पदरात मूल असेल तर बोलणं चार-चार बैठका चालतं. मूल नसेल तर अर्ध्या तासात उरकतं. "पोर ना बाळ, वाटायचं काय त्यात? तिची भांडीकुंडी द्या आणि लिहा फारकत." मग स्टँपपेपरवर चार ओळी, "यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिला नाही", खाली सह्या-अंगठे, वर चहा.

मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो.

मूल असलं की बाईचा त्या घराशी एक धागा राहतो. आज ना उद्या पोराचं नाव वारसाला लागतं. मूल नसेल तर तो कागद हाच शेवटचा धागा असतो. त्यात जे लिहिलं नाही ते पुढे मागायला तोंड उरत नाही. म्हणून मूल नसलेल्या जोडप्याचा हिशेब जास्त बारकाईने व्हायला हवा. आपण नेमकं उलटं करतो.

आधी कागदाचं बघू. नुसत्या स्टँपपेपरने लग्न मोडत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड चालतो आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती रूढी राखलीही आहे. पण वाद झाला तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकीच्यांना त्याच कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांच्या संमतीने अर्ज करावा लागतो. आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. सगळं मिटलेलं असेल तर ही मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. हुकूम होईपर्यंत कायद्याने दोघं नवरा-बायकोच. मधेच एकाचं बरंवाईट झालं तर दुसरा वारस ठरतो. आणि त्या स्टँपपेपरच्या भरवशावर कोणी दुसरं लग्न केलं, तर ते कायद्यात बसत नाही, वर गुन्हा होतो.

आता कर्ज. बैठकीत जमिनीवर सगळे बोलतात, कर्जावर कोणी बोलत नाही. आपल्या पोलादपूर-महाडकडचं चित्र तुम्हाला माहीत आहे. घरटी एक माणूस मुंबईला. कुठे नालासोपारा-विरारला घेतलेली खोली, तिचं कर्ज दोघांच्या सहीचं. गावात पीककर्ज त्याच्या नावावर. बचत गटाचं कर्ज मात्र तिच्या नावावर, आणि त्या पैशातून घरावर पत्रे चढलेले किंवा दावणीला म्हैस आलेली. तिच्या अंगावरचं सोनं बँकेत तारण, त्यातून पॉवर टिलर आलेला.

फारकतीत पत्रे, म्हैस आणि टिलर त्याच्याकडे राहतात. गटाचा हप्ता आणि सोडवायचं सोनं तिच्याकडे जातं. ती माहेरी गेली तरी गटातल्या बाया तिलाच फोन करतात, कारण एकीचा हप्ता थकला की अख्ख्या गटाची पत जाते. ही वाटणी झाली का? एकाला पीक आणि दुसऱ्याला नुसता सारा भरायला लावण्यातला हा प्रकार.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही आपसात काहीही लिहा, बँक त्या कागदाला बांधील नसते. "खोलीचं कर्ज नवरा फेडेल" असं लिहिलं आणि त्याने हप्ते थकवले, तर सहकर्जदार म्हणून बँक तिच्याही दारात येणार. जामीनदाराचं तसंच आहे. हे बाप्यालाही लागू आहे. मेव्हण्याच्या टेम्पोला जामीन राहिलेला जावई फारकतीनंतरही जामीनच राहतो. म्हणून "कोण फेडणार" एवढं लिहून भागत नाही. फेडून टाका, नाहीतर बँकेकडून लेखी घेऊन नाव कमी करा, आणि ना-देय दाखला हातात आल्यावरच शेवटची सही करा.

सोन्याचं तर वादच नको. लग्नात तिला मिळालेलं स्त्रीधन तिचंच, नवरा किंवा सासू फक्त सांभाळणारे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यातच सांगितलंय. गहाण टाकलेलं सोनं सोडवून देणं हे कर्ज समजा, उपकार नव्हे.

जमिनीचं अवघड आहे, हे मान्य. आपले कोकणातले सातबारे म्हणजे सामाईक नावांची माळ. चुलते, चुलत भाऊ, आत्या. त्याचा स्वतःचाच हिस्सा सरसनिरस झालेला नसतो, तो काढून काय देणार? त्यात १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा. दोन-चार गुंठ्यांचा तुकडा सहज वेगळा होत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी जमिनीऐवजी रोख रक्कम हाच व्यवहारी मार्ग. पण रोख ठरवताना तिचे हात मोजा. दहा पावसाळे लावणी-कापणी केली, राब भाजले, बांध घातले, त्याची मजुरी कोणी मांडली? आजच्या दराने मांडून बघा, चार माणसं गप्प होतील.

आणि जिथे जमीन त्याच्या स्वतःच्या नावावर आहे आणि द्यायचं ठरलंय, तिथे कोर्टाचा हुकूम व्हायच्या आधी बक्षीसपत्र करा. नवरा-बायकोमधल्या शेतजमिनीच्या आणि राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. वरची फी दुय्यम निबंधकाकडे विचारा. नातं संपल्यावर ही सवलत मागता येत नाही.

बाईचं नाव सातबाऱ्यावर, ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही. शेतकरी संघटनेने १९८६ ला चांदवडला बायकांचं अधिवेशन घेतलं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ साली सरकारने परिपत्रक काढलं: नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. तीसहून जास्त वर्षं झाली. आपल्या खोऱ्यातले किती सातबारे त्याने बदलले, ते ज्याने त्याने आपल्या घरी बघावं. हे नाव चांगल्या दिवसांत लागलेलं असलं, की वाईट दिवसांतली बैठक आपोआप सरळ चालते.

आपल्याच हायवेच्या दुसऱ्या टोकाला गोवा आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, आणि संसारासाठी काढलेलं कर्जही दोघांचं. मूल आहे की नाही, याने त्या निम्म्यात फरक पडत नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही. नवऱ्याच्या मालमत्तेत घटस्फोटाच्या वेळी बायकोला वाटा द्यावा, असं विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेतून पार पडलं नाही. कायदा नाही म्हणून न्याय करायला मनाई मात्र नाही.

कोणी म्हणेल, बाई दुसरं लग्न करील, मग आपला पैसा दुसऱ्याच्या घरी का? अहो, तो दुसरं लग्न करणारच आहे ना, तेव्हा तिने बांधलेल्या बांधावर दुसरी उभी राहील. त्याचं काय?

तर पुढच्या वेळी असं बसणं झालं, की चहाच्या आधी एक कोरा कागद घ्या. चार रकाने पाडा: त्याचं आधीचं, तिचं आधीचं, दोघांनी मिळून केलेलं, आणि देणं. प्रत्येक कर्जापुढे नाव कुणाचं आणि पैसा कुठे गेला, हे लिहा. रकमेपुढे तारीख घाला. विमा, बँक खातं, पीएफ यांवरचं वारसदाराचं नाव बदलायची आठवण ठेवा. मग वकिलाकडे जा.

काही चुकतंय वाटलं तर खाली मोकळेपणाने लिहा. पाऊस लागला की चार दिवस मी इकडे दिसणार नाही.