मुळशी तालुक्यात मेल ॲडमिनांचा कट्टा हवा

पिरंगुटच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातून चाकणच्या मोठ्या कंपनीला कोटेशन जाते. दुपार होते तरी उत्तर नाही म्हणून मालक फोन करतात, तर पलीकडून ‘आम्हाला मेलच आला नाही’ असे उत्तर येते. मग हाक जाते ती ‘आयटीवाल्या’ पोराला. प्रिंटर त्याच्याकडे, सीसीटीव्ही त्याच्याकडे, टॅलीचा बॅकअप त्याच्याकडे आणि मेल सर्व्हरही त्याच्याच गळ्यात. त्याने विचारायचे कोणाला?

खरे तर उत्तर त्याच्यासमोरच असते. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या मेलच्या ओळीत तीन आकडी कोड पडलेला असतो. तो चारने सुरू होत असेल, तर समोरच्या सर्व्हरने ‘आत्ता नाही, नंतर या’ म्हटले आहे. मेल रांगेत थांबतो आणि पोस्टफिक्ससारखे सॉफ्टवेअर, सेटिंग बदलले नसेल तर, पाच दिवस प्रयत्न करत राहते. कोड पाचने सुरू होत असेल, तर नकार कायमचा. पुष्कळदा त्यापुढे कारणही लिहिलेले असते: एसपीएफ जुळत नाही.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, जाहीर करणारी ओळ. ती तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा लागता कामा नयेत, असा नियम आहे. कारखान्याने बिले पाठवणारे सॉफ्टवेअर घेतले, मग पगारपत्रकांची सेवा जोडली, जुन्या होस्टिंगवाल्याचे नाव काढायचे राहूनच गेले. दहाची मर्यादा कधी ओलांडली ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. किंवा नव्या व्हेंडरने सांगितले म्हणून एसपीएफची दुसरी ओळ टाकली गेली. एका डोमेनला अशा दोन ओळी असल्या की तपासणीच बाद होते. माहीतगाराला हे दहा मिनिटांचे काम आहे. नवख्याचा मात्र आठवडा जातो आणि तोवर ऑर्डर दुसऱ्याला गेलेली असते.

माहीतगार फार लांब नाहीत, ही यातली बोचणारी गोष्ट. हिंजवडी आणि माण ही राजीव गांधी इन्फोटेक पार्कची गावे मुळशी तालुक्यातलीच. हजारो खात्यांचे मेल सांभाळणारे लोक तिथे रोज कामाला येतात. त्याच तालुक्यात पिरंगुट, उरवडे, कासार आंबोलीचे कारखाने आहेत आणि लवळ्याला विद्यापीठे आहेत. या तिन्ही ठिकाणची मेल सांभाळणारी माणसे महिन्यातून एकदा एका खोलीत बसावीत, एवढीच मागणी आहे.

पुण्याला हा प्रकार नवा नाही. लिनक्स वापरणाऱ्यांचा ‘प्लग’ हा गट पुण्यात वर्षानुवर्षे चालला. सिम्बायोसिसच्या मॉडेल कॉलनीतल्या संगणक संस्थेत भरणाऱ्या ‘जीएनयूनिफाय’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळाव्याने विद्यार्थी आणि कसलेले अभियंते यांना एका छताखाली आणले. कोणाचा लॅपटॉप सुरू होईना, कोणाचा सर्व्हर अडला, तर शेजारी बसून दाखवणारे कोणीतरी भेटे. मेल ॲडमिनांना तर अशा शेजाराची गरज जास्तच, कारण त्यांचे काम स्वभावतःच दुसऱ्यावर अवलंबून आहे. रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला, जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम लिहून काढले, आणि त्या व्यवस्थेला आजही मालक नाही. पिरंगुटचा छोटा सर्व्हर आणि गूगलचा अवाढव्य सर्व्हर एकाच भाषेत बोलतात. पण ती बोली सतत बदलते आहे आणि बदल ठरवताना छोट्यांना कोणी विचारत नाही.

फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, मेलवर डिजिटल सही करणारे डीकेआयएम आणि या तपासण्या फसल्या तर मेलचे काय करायचे ते सांगणारे डीमार्क हे तिन्ही सक्तीचे केले. लहान पाठवणाऱ्यांनाही पहिल्या दोनपैकी एक लागतेच. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इनने, आदेश काढला: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा आणि लॉग 180 दिवस जपा. सहा तासांचे घड्याळ सुरू झाल्यावर नियम शोधत बसायला वेळ नसतो. कळवायचे कसे, लॉग ठेवायचे कुठे, हे आधीच कोणीतरी समजावलेले असायला हवे.

‘आता सगळे क्लाउडवर गेले, कट्टा कशाला?’ असे काही जण म्हणतील. पण सेवा भाड्याने घेतली तरी डोमेन आपलेच राहते. केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांचे मेल झोहो या कंपनीच्या यंत्रणेवर नेले, पत्ते मात्र सरकारी डोमेनचेच राहिले. एसपीएफची ओळ, सोडून गेलेल्या माणसाचे बंद न केलेले खाते, पुरवठादाराच्या नावाने येणारा ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा बनावट मेल, हे सगळे आपल्याच दारात येते. अशा मेलवर पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हेसुद्धा अनेक कारखान्यांच्या हिशेब विभागाला कोणी सांगितलेले नसते.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा आणि तो रास्त आहे. कंपन्या आपल्या सर्व्हरविषयी बाहेर बोलू देत नाहीत. त्यासाठी कट्ट्याने पहिल्याच दिवशी नियम करावा: कंपनीचे नाव घ्यायचे नाही, लॉग दाखवायचा तर पत्ते आणि आयपी पुसूनच, आणि व्हेंडरची विक्री चालणार नाही.

आणखी एक काम मराठी माणसांनीच करायला हवे. ऑगस्ट 2014 मध्ये ‘.भारत’ हे डोमेन सुरू झाले, देवनागरी ईमेल पत्त्यांचे नियम 2012 पासून आहेत आणि पोस्टफिक्सनेही 2015 मध्ये त्यांना जागा दिली. तरी अनेक वेबसाइटच्या फॉर्ममध्ये मराठी पत्ता टाकला की ‘चुकीचा ईमेल’ असा लाल शेरा येतो. आपल्या तालुक्यातल्या बँका, शाळा आणि कार्यालयांचे फॉर्म तपासून ही अडचण लेखी कळवणे कट्ट्याला सहज जमेल.

कारखान्यांची साप्ताहिक सुटी बहुतेक गुरुवारी, आयटीची शनिवार-रविवारी. म्हणून शनिवारची संध्याकाळ, पहिली पाळी सुटल्यावर, दोघांनाही सोयीची. लवळ्याच्या एखाद्या संस्थेने प्रोजेक्टर असलेला वर्ग द्यावा, हिंजवडीच्या कंपन्यांनी आपल्या ॲडमिनना यायची लेखी परवानगी द्यावी आणि पिरंगुटच्या मालकांनी आपल्या ‘आयटीवाल्या’ला त्या दिवशी लवकर सोडावे. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या डोमेनची एसपीएफची ओळ उघडून त्यातल्या चौकशा मोजल्या, तरी त्याच संध्याकाळी काही कारखान्यांची कोटेशने पोहोचायला लागतील.