बेवारस तेलनौका

जालना जिल्ह्यात टँकर म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो पाण्याचा. २०१२-१३ च्या दुष्काळाने तो घराघरांत परिचित केला. परंतु त्या टँकरला लागणाऱ्या डिझेलचे मूळ समुद्रावरच्या टँकरांत, म्हणजे तेलनौकांत आहे. जवाहर द्वीपावर त्या कच्चे तेल उतरवितात. माहुलला ते शुद्ध होते आणि नळावाटे मनमाडला येऊन मराठवाड्याच्या वाटेला लागते. तेव्हा समुद्रापासून इतक्या दूरच्या आम्हांस या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणू नये.

तेलनौका बांधणे ही अवघड विद्या आहे. अर्धवट भरलेल्या हौदातील तेल हेलकावून तोल बिघडविते, म्हणून पोटाचे अनेक कप्पे करावे लागतात. रिकाम्या हौदातील वाफ तर भरल्या हौदाहूनही घातक. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डेझ’ खडकावर फुटल्यावर दुहेरी कवचाचा दंडक आला. मोठ्या नौकेत या दोन कवचांत सुमारे २ मीटर पोकळी असते. लहान धडकेत तेल वाचते खरे. पण नौका रिकामी परतताना त्याच पोकळीत तोलासाठी खारे पाणी भरतात, आणि गंज चढतो तो तेथेच, सहसा दृष्टीस न पडणाऱ्या जागी. डागडुजीस पैसा सोडावयास मालक राजी नसेल, तर दुसऱ्या कवचाचा भरवसा किती धरावा?

आणि मालकच सापडला नाही तर? जून २०११ मध्ये ‘पवित’ ही पनामाचे निशाण लावणारी लहान तेलनौका ओमानजवळ बंद पडली. खलाशांस ब्रिटिश युद्धनौकेने वाचविले. नौका बुडाली असे समजले गेले. ३१ जुलैस ती निर्मनुष्य अवस्थेत जुहूच्या वाळूत येऊन रुतली! २००८ च्या हल्ल्यानंतर नौदल, तटरक्षक दल व सागरी पोलीस असा तिहेरी पहारा बसविला होता; तो भेदून एक मुकी नौका आली, यावर टीका झाली ती रास्तच होती.

आमच्या मते खरी उणीव कायद्याच्या रचनेत आहे. बंदरातील तपासणी बंदरात येणाऱ्या नौकेचीच होते. तेलगळतीच्या भरपाईच्या करारानुसार विम्याची सक्ती आहे ती २,००० टनांहून अधिक तेल वाहणाऱ्यांस; लहान नौका तेथे निसटतात. भग्न जहाजे हटविण्याचा २००७ चा नैरोबी करार भारताने २०११ मध्ये स्वीकारला, पण तो अमलात आला २०१५ मध्ये. १९५८ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा नौवहन कायदा केला, हे चांगले झाले. मात्र २०२२ नंतर रशियन तेलावरील निर्बंध चुकविण्यासाठी जुन्या नौका नावे व निशाणे बदलत फिरू लागल्या, आणि स्वस्त तेलाचा मोह आपल्यालाही सुटला नाही. म्हणून नौका जवाहर द्वीपास लागण्यापूर्वीच तिचा खरा धनी कोण, विमा कोणाचा आणि पोकळीतील गंज शेवटी कोणी व केव्हा पाहिला, हे नौवहन महासंचालनालयाने तपासून जाहीर करावे.